क्युरासाववाल्याचा शोध

मी उंडीन लॅशलीचं ग्रंथालयाचं कार्ड बोलतोय. हिरवं, प्लास्टिकचं, कडा झिजलेलं. पुढच्या बाजूला तिची सही आहे, मागे काळ्या रेघांचा पट्टा आणि त्याखाली चौदा आकडे. माझ्याकडून जे काही चांगलं झालं ते त्या चौदा आकड्यांमुळे. आणि ज्याचा पस्तावा वाटतो तेही त्यांच्यामुळेच.

माझा जन्म बार्बाडोसच्या उत्तर टोकाला, सेंट लूसी परगण्यातल्या एका लहानशा ग्रंथालयात झाला. यंत्रातून मी गरम गरम बाहेर पडलो, तेव्हा ग्रंथपाल मिस्टर यरवुड यांनी मला शर्टाच्या बाहीवर पुसलं आणि समोर उभ्या असलेल्या उंडीनच्या हातात दिलं. ती नुकतीच टपाल कार्यालयातून निवृत्त झाली होती. एकतीस वर्षं तिनं पत्रं लावली. पत्त्यावरचं अक्षर कितीही वेडंवाकडं असो, तिच्या हातून पत्र चुकीच्या खणात गेलं नाही, असं ती अभिमानानं सांगायची.

"मिस लॅशली, पुस्तकं तर न्याच," यरवुड म्हणाले, "पण या मागच्या आकड्यांनी घरबसल्याही ग्रंथालय उघडतं. जुनी वर्तमानपत्रं, बोटींच्या याद्या, बाप्तिस्म्याच्या नि दफनाच्या नोंदी. आपलं घराणं शोधता येतं."

"मेलेल्या माणसांत मला काय करायचंय?" उंडीन म्हणाली. "घरी एक जिवंत आहे, तीच पुरून उरते."

ती जिवंत म्हणजे तिची आई एर्मिन. उंडीन तिला मम्मा म्हणायची. मग आठ वर्षं मी उंडीनच्या पाकिटात पडून राहिलो. शिवणकामाची नि बागकामाची पुस्तकं तेवढी माझ्या नावावर यायची, जायची. माझे आकडे कुणी वाचलेसुद्धा नाहीत. तेव्हा मला ते लागायचं. आज वाटतं, तेच दिवस बरे होते.

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये साथ आली आणि सगळं बंद झालं. दुकानात जायचे दिवससुद्धा आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून ठरले. ग्रंथालयाला कुलूप लागलं. यरवुड सभासदांना एकेक करून फोन करत होते. "कार्ड टाकून दिलं नाहीत ना? मागचे आकडे वापरा आता." चर्चची प्रार्थना बघायला घेतलेली एक टॅब्लेट घरात होतीच. उंडीननं मला पाकिटातून काढलं, जेवणाच्या टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून उभं केलं आणि एका बोटानं आकडे टाकू लागली. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा दार उघडलं.

सुरुवातीचे दिवस मजेचे होते. उंडीननं वडिलांच्या बाजूनं सुरुवात केली. लॅशलींचा कुणी पणजोबा गाढवाची गाडी भरधाव हाकली म्हणून न्यायाधीशापुढे उभा राहिला होता, ही बातमी सापडली. पुढच्या ओसरीत मम्मा मांडीवर परात घेऊन तुरीच्या शेंगा सोलत बसायची. नव्वद वर्षांची बाई, पण कान आणि जीभ दोन्ही तिखट.

"तरीच!" ती आतल्या दिशेनं ओरडली. "तुझा बापही तसाच हाकायचा. मला लग्नाच्या दिवशी गटारात घातलं होतं त्यानं!"

शेंगा सोलता सोलता ती हसत सुटली. उंडीनलाही हसू आवरेना. मलाही वाटलं, आपला जन्म सार्थकी लागला.

मग उंडीन आईच्या बाजूला वळली.

"माझ्या बाजूला काही नाही शोधायचं," मम्मा म्हणाली. "माझ्या बाजूला बॉइस. संपलं."

"बॉइस तर सावत्र बाप, मम्मा."

"ज्यानं बूट आणून दिले तो बाप. दुसरा तो क्युरासाववाला. त्याचं नाव या घरात नको."

क्युरासाववाल्याची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती, आणि ती तेवढीच होती. डार्नली स्कीट नावाचा गवंडी. सेंट फिलिप परगण्यात बायको लिओटा आणि आठ वर्षांची एर्मिन यांना ठेवून तो क्युरासाव बेटावर तेलाच्या कारखान्यात कामाला गेला. वर्षभर पत्रं आली, मग बंद झाली. तिकडं दुसरी केली असणार, असं लोक म्हणाले. लिओटानं वाट पाहिली, मग बॉइसच्या मदतीनं लाकडी घराच्या फळ्या सुट्या करून गाडीवर चढवल्या आणि बेटाच्या दुसऱ्या टोकाला, सेंट लूसीत, नेऊन पुन्हा उभ्या केल्या. आमच्याकडं घरं अशीच हलवतात. मागे राहतात ते फक्त घराखालचे चार दगड.

उंडीन काही गप्प बसणारी नव्हती. मम्मा दुपारी पडली की ती मला साखरेच्या डब्याला टेकवायची. वीस मिनिटं हात थांबला की दार आपोआप बंद व्हायचं, पुन्हा चौदा आकडे. तिला ते पाठ होते, तरी ती प्रत्येक वेळी माझ्याकडं बघून टाकायची. त्यातून ओढ लागते. मलाही लागली.

स्कीट नावाखाली काही सापडेना, तेव्हा तिनं यरवुडना फोन लावला.

"नावं चुकीची लिहून शोधा, मिस लॅशली," ते म्हणाले. "कारकुनानं जसं ऐकलं तसं लिहिलंय. आणि छापलेलं पान यंत्र वाचतं तेव्हा तेही अडखळतं. तुम्ही टपालातल्या. तुम्हाला वेडंवाकडं अक्षर नवं नाही."

मग स्कीट, स्कीत, स्कीटे, स्केट. जूनच्या एका सकाळी एकोणीसशे एक्केचाळीसचं वर्तमानपत्र उघडलं. पानाच्या तळाशी, बकऱ्यांच्या विक्रीखाली, चार ओळींची सूचना होती. उंडीननं ती वाचली आणि खुर्ची मागे सारून उठली.

"मम्मा! मम्मा, त्यानं टाकलं नव्हतं तुम्हाला! शोधत होता तो! ऐक, वाचून दाखवते."

मम्माचे हात परातीत थांबले.

"वाचू नकोस," ती म्हणाली. "पाठ आहे मला."

आणि समोरच्या रस्त्याकडं बघत तिनं ती सूचना म्हणून दाखवली. एक शब्द चुकला नाही. "लिओटा स्कीट आणि तिची मुलगी एर्मिन, पूर्वी राहणार सेंट फिलिप, यांचा ठावठिकाणा कोणास ठाऊक असल्यास कळवावे. पत्रे परत येत आहेत. मुलीस सांगावे की बाप विसरलेला नाही. डार्नली स्कीट, गवंडी, विलेमस्टाड, क्युरासाव."

उंडीन दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"अकरा वर्षांची होते," मम्मा म्हणाली. "दुकानातून खारा मासा आणला, तो या कागदात बांधलेला. माझं नाव छापलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. आधी आनंदच झाला, खोटं कशाला सांगू? मग नीट वाचलं."

"मग आजीला दाखवलंस?"

"शाळेत मी सांगितलं होतं, बाप जहाजाचा कप्तान होता, वादळात बुडाला. जुन्या गावात पोरं मला टाकलेली म्हणायची. इथं कुणी म्हणत नव्हतं. बॉइसनं नुकतेच बूट आणले होते. मी कागदाची घडी केली आणि चुलीत टाकली. आईला मासा दिला. तिनं विचारलं, कागद कुठाय? म्हटलं, ओला झाला, टाकला."



"आई त्याला शिव्या देत मेली," मम्मा म्हणाली. "आणि मी तिच्या दुप्पट दिल्या. मोठ्यानं दिल्या की बरं वाटायचं. एक कार्ड टाकलं असतं तर पुरलं असतं. नुसता पत्ता."

आयुष्यभर कप्तानासारखी ताठ वागलेली ही बाई त्या दिवशी परातीतल्या सालींत हात फिरवत बसली. शेवटी म्हणाली, "आता उघडलंच आहेस तर पुढचं बघ. उत्तर आलं नाही म्हणून त्यानं काय केलं, कुठं गेला, कुठं पुरलाय. सापडलं तर मला तिथं ने. क्युरासावला असलं तर विमानानं ने, मी घाबरत नाही. मला त्याच्याशी एक वाक्य बोलायचंय."

"कुठलं वाक्य, मम्मा?"

"तुझं नाही ते. तुला कशाला सांगू?"

त्या दिवसापासून घरात नवा नेम सुरू झाला. सकाळी चहा झाला की मम्मा स्वतःच मला पाकिटातून काढायला सांगायची. "ते हिरवं कार्ड काढ आणि बस." तिची खुर्ची ओसरीतून टेबलाजवळ आली. तिला पडद्यावरचं दिसत नसे, पण ती प्रश्न विचारायची. आज कुठलं वर्ष? कुठली बोट? स्कीटमध्ये किती ई घातलेस? दुपारी शेजारची बाई फणसाच्या भावकीतलं ब्रेडफ्रूटचं फळ भाजून कुंपणावरून द्यायची, तर मम्मा तिलाही सांगायची, "कामात आहोत आम्ही. माझ्या वडिलांना शोधतोय." माझे वडील. हा शब्द मी तिच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

एकोणीस ऑगस्टला, सकाळी, मम्मा आंघोळीला गेली असताना, ते पान उघडलं.

क्युरासावचं नव्हतंच. आमच्याच बेटावरचं, सेंट फिलिप परगण्याचं दफनाचं रजिस्टर होतं. "डॉर्नले स्किट, गवंडी, वय ४९, परगण्याचं निराधारगृह, १४ मार्च १९५३." नाव दोन ठिकाणी चुकलेलं. उंडीननं लगेच निराधारगृहाच्या जुन्या याद्या उघडल्या. तिथं त्याच नावापुढे एक ओळ होती. क्युरासावहून परत, १९४५. पायानं अधू. नातेवाईक: नाहीत.

म्हणजे तो परत आला होता. चार दगड बघून गेला असेल. आणि आठ वर्षं तिथं, दोन बस बदलून पोचता येईल एवढ्या अंतरावर, पडून होता. त्याच आठ वर्षांत एर्मिन वाढली, शिवण शिकली, लग्न केलं. आणि दर ऑगस्टला चर्चच्या सहलीबरोबर सेंट फिलिपच्या किनाऱ्यावर जायची. त्या सहलींची गोष्ट मम्मा नेहमी सांगायची. नारळाची पोळी, निळी टोपी, समुद्राला किती लाटा. निराधारगृहावरूनच ती बस जायची.

न्हाणीघराचं दार वाजलं. "काय सापडलं गं? एवढी गप्प का?"

उंडीननं माझ्याकडं बघितलं. खरंच बघितलं, जणू मी काही सुचवीन. मला सुचवता आलं असतं तर मी काय म्हटलं असतं, मला अजून ठरवता येत नाही.

"काही नाही, मम्मा," ती म्हणाली. "पान अंधुक आहे."

एका दिवसापुरतंच तिनं ते ठरवलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. संध्याकाळी तिनं यरवुडना फोन केला.

"उद्या सांगेन," ती म्हणाली. "आज तिचा रक्तदाब वर आहे."

"सांगा, मिस लॅशली," यरवुड हळूच म्हणाले. "ती विचारतेय म्हणजे तिला ऐकायचंय."

"तुम्हाला आई नाही घरात. पुस्तकं आहेत. पुस्तकं रडत नाहीत."

दुसऱ्या दिवशी मम्माला खोकला होता. तिसऱ्या दिवशी तिचा वाढदिवस जवळ आला होता. मग उंडीनला वाटलं, नीट कागद हातात घेऊनच सांगावं. थडग्याची जागा कळली तर नेताही येईल. तिनं परगण्याच्या चर्चला पत्र लिहिलं. उत्तर यायला महिने लागले, कारण तिथंही साथीनं माणसं घरी बसली होती. आणि जसजसे दिवस गेले तसतसं सांगायचं दुप्पट झालं. एक तर ते, आणि वर एवढे दिवस का नाही सांगितलं, ते.

मम्मा मात्र नेमानं टेबलाजवळ बसायची. उंडीन आकडे टाकायची, दार उघडायचं आणि ती कुठलीतरी बोटीची यादी उघडून वाचत बसायची. रिकामी नावं. जमैकाला गेलेली, क्युबाला गेलेली, आमच्या कुणाचीच नसलेली माणसं. मी शोधासाठी केलेलं कार्ड, आणि मी रोज सकाळी न शोधण्याच्या कामी येऊ लागलो.

"लागलं काही हाताला?"

"अजून नाही, मम्मा."

"असू दे. नीट बघ. मला घाई नाही."

फेब्रुवारीत एका दुपारी मम्मा ओसरीत बसल्या बसल्या मान कलंडून गेली. परात मांडीवरच होती. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नाही. नियम कडक होते, दफनाला दहाच माणसं. तिला लिओटा आणि बॉइस यांच्या शेजारी, सेंट लूसीत ठेवलं. त्या दिवशी उंडीनच्या काळ्या पिशवीत मीही होतो. पाद्री म्हणाले, एर्मिन पूर्ण आयुष्य जगली. उंडीन जागेवरच खाली बसली. लोकांना वाटलं, दुःखानं.

आठ दिवसांनी सेंट फिलिपहून चर्चचं उत्तर आलं. कुंपणाच्या पूर्वेकडची ओळ, दगड नाही, पण जागा माहीत आहे. खुशाल या.

ती गेली. दोन बस बदलून. पिशवीतून मला काही दिसलं नाही, पण ऐकू आलं. वारा होता, कुठंतरी शेळी ओरडत होती. ती तासभर उभी होती. दोनदा तिनं बोलायला तोंड उघडलं असावं, कारण श्वास आत घेतल्याचं ऐकू आलं. "मी तिची मुलगी," एवढंच ती म्हणाली, आणि परत फिरली.

त्यानंतर तिनं माझे आकडे पुन्हा टाकले नाहीत. टॅब्लेटवर ती फक्त रविवारची प्रार्थना बघते. माझी मुदत संपली, तेव्हा ग्रंथालय पुन्हा उघडलं होतं. ती मला घेऊन गेली. यरवुड थकले होते, दाढी पिकली होती. त्यांनी नवं कार्ड करून दिलं, निळं, देखणं. नियमाप्रमाणे माझा एक कोपरा कात्रीनं कापला.

"तुमच्या घराण्याचा कागद भरून देणार होतात, मिस लॅशली," ते म्हणाले. ग्रंथालयात आता परगण्यातल्या कुटुंबांच्या नोंदी जमा होतात, पुढे कुणी शोधायला आलं तर सापडाव्यात म्हणून. उंडीननं पिशवीतून कागद काढून दिला. टपालातल्या बाईचं सुबक अक्षर. डार्नली स्कीट, जन्म, बोट, सूचना, दफन. एर्मिन, जन्म, लग्न, मृत्यू. यरवुड वाचत गेले आणि शेवटाला थांबले.

"हे काय लिहिलंय? 'वडील सापडले, १९ ऑगस्ट २०२०. मुलीला कळवले: नाही.' मिस लॅशली, असा रकाना नाही आमच्या कागदात."

"मग आखा," उंडीन म्हणाली.

यरवुडनी खणातून पट्टी काढली. पण तिनं ती त्यांच्या हातातून घेतली आणि स्वतःच, उभं राहूनच, दोन रेघा ओढल्या.

मी आता त्यांच्या खणात पडलो आहे, रद्द झालेल्या पाचपन्नास कार्डांबरोबर. पुढच्या महिन्यात आम्हाला वितळवतील म्हणतात. माझी तक्रार नाही. तुमच्या पाकिटातही माझ्यासारखं एखादं कार्ड असेल. जुनी पानं उघडा, जरूर उघडा, चुकलेल्या स्पेलिंगातून माणसं हुडकून काढा. एवढंच करा, की जे सापडेल ते सांगून टाका. घरात कुणी विचारत असेल तर आजच. आवाज कापला तरी सांगा, अर्धंच कळलं असलं तरी सांगा. मी हजारो पानांची दारं उघडली. माझ्या समोर, हातभर अंतरावर, एक म्हातारी रोज सकाळी विचारत बसली होती, आणि मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.